सरोवराच्या पोटांतील लाटा

इ. स. १७६२ सालीं बेंजामिन फ्रँकलिन हे इंग्लंडाहून अमेरिकेस परत जात असतांना त्यांनीं जहाजावरील आपल्या खोलींत एक साधा दिवा टांगला होता. कांचेच्या पेल्यांत तळाशीं पाणी, पाण्यावर तेल आणि तेलांत वात, असा तो दिवा. जहाज हेलकावे खाऊं लागलें म्हणजे फ्रँकलिनसाहेबांना एक नवल दिसे. तेलाचा वरचा पृष्ठभाग अगदीं शांत राही. परंतु तेलाखालचें पाणी मात्र खवळल्यासारखें वरखालीं होई. त्याच वर्षीं डिसेंबर महिन्यांत त्यांनीं ही हकीकत पत्रानें आपल्या एका विद्वान् मित्रास कळविली.

विद्यार्थिमित्रांनो, गेल्या पावसाळ्यांत आम्हीं असाच एक प्रयोग वर्गांत करून दाखविला, तो तुमच्यापैकीं कित्येकांना आठवत असेल. एक लांबट चपटी बाटली घेतली. तींत निम्में पाणी भरलें, पाण्यांत निळी शाई टाकली, वर कांठोकांठ रॉकेल ओतलें आणि बूच घट्ट बसविलें. (घरीं करून पाहणाऱ्यांनीं रॉकेल वडील माणसांकडून ओतून घ्यावें व चुलीजवळ बसूं नये.) बाटली आडवी धरून तिचें एक टोंक हलकेंच उचललें व पुन्हां टेकविलें. त्याबरोबर निळें पाणी व रॉकेल यांच्या मधल्या रेषेवर एक मोठी, संथ लाट निघाली; ती दुसऱ्या टोंकापर्यंत गेली व तशीच रमतगमत परत फिरली. शेवटच्या बांकावरील एका मुलानें विचारलें, "सर, ही लाट इतकी आळशी कां?" वर्ग हंसला, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. घंटा झाल्यामुळें त्या दिवशीं उत्तर अर्धेंच राहिलें. तें पुरें करावयाचें तर पृथ्वीच्या फिरण्यापर्यंत जावें लागतें, म्हणून हा लेख.

आतां बाटलीच्या जागीं मोठें सरोवर घ्या, आणि रॉकेलाच्या जागीं ऊन पाणी घ्या. उन्हाळ्यांत सूर्याच्या उष्णतेनें सरोवराचें वरचें पाणी तापतें. तापलेलें पाणी हलकें, म्हणून तें वरच राहतें. थंड पाणी जड, तें तळाशीं राहतें. वारा वरच्या दहा-पंधरा मीटर पाण्यास ढवळून एकजीव करतो. त्याच्या खालीं मात्र त्याचा हात सहसा पोंचत नाहीं. यामुळें युरोप-अमेरिकेंतील खोल सरोवरांत ऑगस्ट महिन्याच्या सुमारास वर २० अंश सेंटिग्रेडचें पाणी व खालीं ५-६ अंशांचें पाणी असे दोन थर होऊन बसतात. दोहोंच्या मध्यें थोड्याच मीटरांच्या आंत उष्णतामान झरझर उतरतें. या मधल्या पट्ट्यास आपण या लेखापुरतें 'सांधा' असें नांव देऊं. वरून पाहणारास हा सांधा दिसत नाहीं. दोरीस उष्णतामापक बांधून खालीं सोडला तरच त्याचा पत्ता लागतो.

या दोन थरांच्या वजनांत फरक किती असावा? पाणी पाण्यावरच तरंगत आहे, तेव्हां फरक अल्पच. हजार भागांस दोन भागांहूनहि कमी! आमच्या बाटलींतील लाट आळशी होती तें याच कारणामुळें. हवेंत उचललेली पाण्याची लाट खालीं खेंचण्यास गुरुत्वाकर्षणाचा सगळा जोर लागूं होतो, कारण पाण्याच्या मानानें हवेस वजन जवळजवळ नाहींच. परंतु ऊन पाण्याच्या पोटांत उचललेल्या थंड पाण्यास भोंवतालचें पाणी चोहोंकडून तोलून धरतें. खालीं ओढणारा जोर उरतो तो सुमारें साडेपांचशेंवा भाग. जें जोरानें खालीं येत नाहीं तें सावकाश येतें, आणि थोड्याशा धक्क्यानें फार वर चढतें. सरोवरावर एका दिशेनें दोन दिवस जोराचा वारा वाहिला, व त्यानें वाऱ्यासमोरच्या कांठीं पाण्याची पातळी केवळ एक सेंटिमीटर उंचावली, असें समजा. तोल राखण्यासाठीं तेथील सांध्यास साडेपांच मीटर खालीं दबावें लागतें. ज्या कांठाकडून वारा येतो तेथें उलट प्रकार होऊन थंड पाणी वर येतें. वारा थांबला कीं हा कललेला सांधा झोंके घेऊं लागतो. वर मात्र सरोवर आरशासारखें निश्चल!

ही गोष्ट प्रथम नीट ओळखली गेली ती स्कॉटलंडांतील लॉक नेस या सरोवरांत. (ज्या अजस्त्र प्राण्याच्या गप्पा १९३३ पासून वर्तमानपत्रांत येत राहिल्या, त्याचा या लेखाशीं कांहीं संबंध नाहीं.) सर जॉन मरे यांच्या देखरेखीखालीं स्कॉटलंडांतील सरोवरांची मोजणी चालली असतां, १९०३ सालीं ई. आर. वॉट्सन यांनीं लॉक नेसच्या निरनिराळ्या खोलींवरचें उष्णतामान पुनःपुन्हां मोजलें. एकाच जागीं, एकाच खोलीवर, पाणी कधीं थंड तर कधीं ऊन आढळे, व हा फेरा सुमारें तीन दिवसांनीं पुरा होई. हवा तर अशी तीन दिवसांच्या पाळीनें बदलत नव्हती. वॉट्सन यांनीं अनुमान केलें कीं, पाणी थंड-ऊन होत नसून सांधाच वरखालीं होत आहे. त्यांच्यामागून ई. एम. वेडरबर्न यांनीं हें काम हातीं घेऊन त्यास गणिताचा व प्रयोगाचा आधार दिला. हे वेडरबर्न पेशानें वकील होते, हें आमच्या वाचकांपैकीं जे पालक कचेऱ्यांत काम करतात त्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें!

लॉक नेसची लांबी ३६-३७ किलोमीटर. रुंदी अवघी दीड किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आमच्या बाटलीसारखेंच लांब व अरुंद पात्र. तेथें सांधा तराजूच्या दांडीप्रमाणें या टोंकास वर, त्या टोंकास खालीं, असा हेलकावतो, आणि एवढ्यानें बहुतेक सगळा उलगडा होतो. परंतु पात्र रुंद असलें म्हणजे काय होतें? तेथें तराजूचा दाखला पुरत नाहीं. यासाठीं आपण स्वित्झर्लंडांतील जिनीव्हाच्या सरोवराकडे जाऊं.

हें सरोवर चंद्रकोरीच्या आकाराचें असून सुमारें ७३ किलोमीटर लांब, अधिकांत अधिक १४ किलोमीटर रुंद व ३१० मीटर खोल आहे. त्याच्या कांठीं मोर्ज गांवीं फ्रान्स्वा आल्फोन्स फोरेल (१८४१-१९१२) यांनीं जन्मभर त्याचाच अभ्यास केला. सरोवराचें पाणी वरच्यावर एका टोंकाहून दुसऱ्या टोंकाकडे हेलकावतें. त्यास तेथील लोक 'सेश' म्हणत. असा एक हेलकावा पुरा होण्यास ७४ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, हें फोरेल यांनीं दाखविलें. हा झाला पृष्ठावरचा हेलकावा. त्याच सरोवराच्या पोटांतील सांध्याच्या लाटेस एक फेरा पुरा करण्यास किती वेळ लागतो? सुमारें ८० तास. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहा, म्हणजे पुढील सर्व विषय त्यांत सांठविलेला दिसेल. ७४ मिनिटांत पृथ्वी स्वतःभोंवतीं जेमतेम वळते. ८० तासांत ती तीन वेळां फिरून चौथ्या फेऱ्यास लागते.

पृथ्वी फिरते तिच्याबरोबर सरोवरहि फिरतें. १८५१ सालीं फूको यांनीं पॅरिस येथें लांब तारेस जड गोळा टांगून त्याचा झोंका हळूहळू दिशा बदलतो हें लोकांस प्रत्यक्ष दाखविलें. वस्तुतः लंबक आपली दिशा सोडूं पाहत नाहीं; त्याच्या खालची जमीन वळते. ध्रुवावर जमीन २४ तासांत पुरी वळते. विषुववृत्तावर अशी मुळींच वळत नाहीं. मधल्या प्रदेशांत अक्षांशाप्रमाणें कमीजास्त वळते. या वळणाऱ्या जमिनीवर उभें राहून पाहणारास असें दिसतें कीं, उत्तर गोलार्धांत चालणारी प्रत्येक वस्तु आपल्या उजव्या हाताकडे किंचित् ढकलली जात आहे. कोरिओली या फ्रेंच गणितज्ञानें १८३५ सालीं या जोराचें गणित मांडलें, म्हणून त्यास त्याचें नांव मिळालें. हा जोर इतका नाजूक असतो कीं, मोरींतील पाणी, चेंडू, सायकल यांच्या बाबतींत त्याचा विचार करण्याचें कारण नाहीं. मोरींतील पाण्याचा भोंवरा त्यामुळेंच ठराविक बाजूस फिरतो, असें पुष्कळ शिकलेले लोकहि सांगतात. तें खरें मानूं नये.

मग हा दुबळा जोर सरोवरांत एवढा प्रबळ कसा होतो? ज्यांना आंकड्यांचा कंटाळा असेल त्यांनीं हा एक परिच्छेद गाळला तरी चालेल. पण आमच्या मतें लेखांतील गोडी येथेंच आहे. जिनीव्हाच्या अक्षांशावर सेकंदास २० सेंटिमीटर वेगानें पाणी वाहत असेल, तर त्याच्या उजव्या बाजूच्या ढकलण्यास आवरण्यासाठीं पाण्याच्या पृष्ठास दर १० किलोमीटरांस सुमारें दोन सेंटिमीटर आडवा चढ पडावा लागतो. इतका चढ कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. परंतु सांध्यापाशीं गुरुत्वाकर्षण साडेपांचशें पटींनीं दुबळें झालेलें आहे. ढकलणारा जोर मात्र जसाच्या तसा राहतो. तेव्हां तेथें तोच चढ दोन सेंटिमीटरांच्या जागीं अकरा मीटर होतो! पृथ्वीचा हात बळकट झाला नाहीं. त्याच्याशीं झुंजणारा पहिलवान अशक्त झाला, एवढेंच. लॉक नेससारख्या अरुंद पात्रांत असा आडवा चढ वाढण्यास जागाच मिळत नाहीं. तेथें तो पडतो, पण थोडा. रुंद सरोवरांत त्यास मोकळें रान सांपडतें.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक होतो. सांध्यावरची लाट तराजूसारखी झुलण्याचें सोडून कांठाकांठानें चालूं लागते. कल्पना करा कीं, लाटेबरोबर वरचें ऊन पाणी कांठाच्या कडेनें पुढें वाहत आहे, आणि कांठ त्याच्या उजव्या हातास आहे. पृथ्वीच्या फिरण्यानें तें उजवीकडे, म्हणजे कांठाकडे रेटलें जातें. परंतु पुढें जमीन आहे, तेव्हां जाणार कोठें? तें कांठाशीं दाटून बसतें, व तेथील सांधा खालीं दबतो. लाटेच्या दुसऱ्या अर्ध्या भागांत पाणी उलट वाहतें. मग तें कांठापासून दूर ढकललें जातें, आणि त्याची जागा घेण्यास तळचें थंड पाणी कांठाशीं वर येतें. दोन्ही प्रकारांत लाट कांठास बिलगून राहते. कांठ डाव्या हातास असता तर तिला टेकण्यास भिंतच मिळाली नसती. म्हणून उत्तर गोलार्धांत ही लाट नेहमीं कांठ उजवीकडे ठेवूनच चालते. सरोवर तिच्या डाव्या हातास राहतें. देवळाला प्रदक्षिणा घालतात त्याच्या उलट, घड्याळाच्या कांट्यांच्या विरुद्ध दिशेनें, ती सरोवराची फेरी करते. दक्षिण गोलार्धांत ती कोणत्या बाजूनें फिरेल हें आम्ही लिहीत नाहीं. तुम्हींच कागदावर सरोवर काढून ठरवावें.

अशा लाटेचें गणित लॉर्ड केल्व्हिन यांनीं १८७९ सालीं केलें, म्हणून तिला केल्व्हिन-लाट म्हणतात. त्यांच्यापुढें भरती-ओहोटीचा प्रश्न होता. इंग्लंड व फ्रान्स यांच्या मधल्या खाडींत फ्रान्सच्या कांठीं भरती अधिक चढते, तिचें कारणहि हेंच आहे. सरोवरांत ही लाट सेकंदास अर्ध्या मीटरच्या आसपास चालते. म्हणजे तासाला सुमारें दोन किलोमीटर. शाळेंत उशिरां येणारा मुलगासुद्धां तिला सहज मागें टाकील. कांठाशीं ती सर्वांत उंच असते. कांठापासून चार-पांच किलोमीटर आंत गेलें कीं तिची उंची निम्म्याहूनहि कमी होते. सरोवर लहान कीं मोठें, हें ठरविण्याचें खरें माप हें चार-पांच किलोमीटरांचें आहे. ज्याची रुंदी याहून पुष्कळ जास्त, त्यास पृथ्वी फिरते हें ठाऊक असतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही गोष्ट निरीक्षणानें पटवून देण्यांत क्लिफर्ड मॉर्टिमर (१९११-२०१०) यांचा वांटा फार मोठा आहे. इंग्लंडांतील विंडरमियर सरोवरावर त्यांनीं आरंभ केला. पुढें त्यांनीं जिनीव्हाच्या सरोवराच्या निरनिराळ्या ठिकाणच्या उष्णतामानांची टिपणें जुळवून पाहिलीं. एका ठिकाणचें टिपण एवढेंच सांगतें कीं, पाणी कधीं थंड होतें, कधीं ऊन. पण कांठावरच्या अनेक ठिकाणचीं टिपणें एकाखालीं एक मांडलीं, म्हणजे थंडपणा एका गांवाहून पुढच्या गांवीं, तेथून त्याच्या पुढच्या गांवीं, असा क्रमानें सरकत जातांना दिसतो. झुलणारा तराजू व चालणारा वाटसरू यांतील फरक एका जागीं बसून ओळखतां येत नाहीं.

१९६६ सालीं मॉर्टिमर अमेरिकेंत मिशिगन सरोवराच्या कांठीं मिलवॉकी येथें राहण्यास गेले. त्या सरोवरावर त्यांनीं १९६३ च्या उन्हाळ्यांतच काम केलें होतें. मिलवॉकी व पैलतीरावरील मस्कीगन यांच्या दरम्यान आगगाडीचे डबे वाहून नेणारीं जहाजें चालत. त्या जहाजांवरून जातां-येतां पाण्याचें खोलवरचें उष्णतामान टिपून घेऊन त्यांनीं सरोवराचा जणूं उभा छेदच पुनःपुन्हां काढला. त्यांत कांठापासून दूर, भर सरोवरांत, निराळ्याच लाटा आढळल्या. तेथें टेकण्यास कांठ नाहीं. मग उजवीकडे ढकललें जाणारें पाणी सारखें उजवीकडेच वळत राहतें व घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें वर्तुळें काढतें. त्या अक्षांशावर असें एक वर्तुळ पुरें होण्यास साडेसतरा तास लागतात, आणि या लाटांचा फेरा त्याहून किंचित् कमी असतो. सेकंदास २० सेंटिमीटर वेगाच्या पाण्याच्या वर्तुळाची त्रिज्या दोन किलोमीटर भरते. या लाटांना प्वांकारे या गणितज्ञाचें नांव दिलेलें आहे. आपल्या मुंबईच्या अक्षांशावर अशा वर्तुळास सुमारें ३७ तास लागतील. १२ तासांस अक्षांशाच्या ज्येनें भागावें म्हणजे हें उत्तर मिळतें. वरच्या वर्गांतील मुलांनीं करून पाहावें. मिशिगनसारख्या अफाट सरोवरांत कांठाच्या लाटेस पुरी फेरी करावयाची तर तीन आठवड्यांहून अधिक काळ हवा. तोंवर वारा बदलून तिची वाट मोडतो. म्हणून तेथें फेरी क्वचितच पुरी होते, परंतु लाटेची दिशा मात्र चुकत नाहीं.

याच्या उलट, फेरी व वारा यांचा मेळ अगदीं बरोबर जमलेलें सरोवर पाहावयाचें असेल तर तें आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचें आहे. तें गालील समुद्र, म्हणजेच किन्नेरेथ सरोवर. सुमारें २१ किलोमीटर लांब, १२-१३ किलोमीटर रुंद, आणि समुद्रसपाटीच्या खालीं सुमारें २१० मीटर. तेथील एकाएकीं उठणाऱ्या वादळांचें वर्णन आपण वाचलें आहे, तें पृष्ठावरचें. उन्हाळ्यांत तेथें रोज दुपारीं भूमध्य समुद्राकडून पश्चिमेचा वारा येतो. त्या सरोवरांतील केल्व्हिन-लाटेची फेरी सुमारें २४ तासांची आहे! झोपाळा परत येण्याच्या नेमक्या क्षणीं रोज कोणी हात लावावा, तसा हा वारा दररोज त्या लाटेस नवा रेटा देतो. त्यामुळें कांठाशीं सांधा दिवसाकाठीं कित्येक मीटर वरखालीं होतो, आणि भर सरोवरांत त्याच वेळीं सुमारें १२ तासांच्या प्वांकारे-लाटाहि चालूं असतात. या सरोवराच्या तळच्या पाण्यांत उन्हाळ्यांत प्राणवायु उरत नाहीं, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायु सांचतो. १९६४ पासून याच सरोवराचें पाणी मोठ्या नळांनीं व कालव्यांनीं दूरच्या गांवांस पिण्यासाठीं नेण्यांत येऊं लागलें. पाणी कोणत्या खोलीवरून घ्यावें, हा तेथें विद्वानांच्या करमणुकीचा प्रश्न नव्हे.

हा प्रश्न केवढा गंभीर आहे, तें अमेरिका व कानडा यांच्या मधल्या ईरी सरोवराच्या एका हकीकतीवरून कळेल. २०१२ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभीं त्याच्या उत्तर कांठीं, कानडाच्या हद्दींत, हजारों मेलेले मासे लाटांबरोबर येऊन पडले. मैलोगणती वाळू माशांनीं भरून गेली व दुर्गंधि सुटली. कोणी तरी पाण्यांत विष सोडलें असावें, अशी लोकांस शंका येणें साहजिकच होतें. सरकारी खात्यानें पाणी तपासलें. विषाचा पुरावा मिळाला नाहीं. वाऱ्यानें वरचें पाणी कांठापासून दूर लोटलें होतें, आणि उन्हाळाभर तळाशीं कोंडून राहिलेलें प्राणवायुहीन थंड पाणी त्याच्या जागीं वर आलें होतें. मासे त्यांत गुदमरून मेले. कांठावरच्या माणसांना वरून कांहींच दिसलें नाहीं.

याच सरोवराच्या दक्षिण कांठावरील क्लीव्हलंड शहराचें पिण्याचें पाणी सरोवरांतूनच नळांनीं येतें. सांधा वर उचलला गेला कीं त्या नळांच्या तोंडाशीं तेंच तळचें पाणी येऊन पोंचतें. त्यांत मँगनीज नांवाची धातु विरघळलेली असते व तिच्यामुळें घरोघरच्या नळांचें पाणी गढूळ, पिंगट येतें. ही खबर अगोदर मिळाली तर पाणी शुद्ध करणारांना औषधांचें प्रमाण बदलण्यास वेळ सांपडतो. याकरितां अमेरिकन सरकारच्या हवामान व समुद्र खात्यानें ईरी सरोवराच्या तळच्या पाण्याचें भाकित प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं हें जसें सांगतात, तसेंच पुढचे कांहीं दिवस प्राणवायुहीन पाणी कोणत्या कांठाकडे सरकेल, हें नकाशावर रंगवून दाखविलें जातें. तो नकाशा काढणाऱ्या यंत्रांत वारा, उष्णतामान व सरोवराची खोली यांचे आंकडे भरावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर पृथ्वीच्या फिरण्याचाहि.